काकडी पिळलेली पाहिजे

॥ श्री ॥
एटापल्ली, ता. १४ ऑक्टोबर १९५७

ती. सौ. भागीरथाबाई यांना धाकट्या भावजयीचा, सायत्राचा, सा. न. वि. वि.

इथी आम्ही दोघंही खुशाल. लग्नाले सहा महिने झाले न बाई, आता एक गोष्ट विचारते, हसू नका. तुमचे भाऊ जंगलखात्यात नाकेदार झाले, पण खाणं साहेबाचं शिकले. आलापल्लीच्या बंगल्यावर शफी खानसाम्यानं एकदा यायले सँडविच खाऊ घातलं. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी मोटारनं डबलरोटी आली, का दुसऱ्या दिवशी जंगलात न्यायले तेच पाहिजे.

अन् फर्माइशी तरी किती! तूप दोन्ही कापांले लाव, पार कोपऱ्यापर्यंत लाव. जवसाची चटणी कोरडी ठेव. काकडीले मीठ लावून पिळ, अन् पिळली म्हटलं त पुन्हा पिळ. फडक्यात नको, पळसाच्या पानात बांध. माह्या बापानं नाकेदार पाहिला का इन्स्पेक्टर, तेच मले समजत नाई.

सासूबाई गेल्यावर तुम्हीच यायले लहानाचं मोठं केलं. यायची जीभ तुम्हाले ठाऊक. काय केलं म्हणजे यायच्या मनासारखं होईन, ते लिहा. लेकरायले माहे गोड पापे.

तुमच्या मायेची भुकेली,
सायत्रा

॥ श्री ॥
राजुरा, ता. २१ ऑक्टोबर १९५७

चि. सौ. सायत्रा हीस अ. उ. आ.

तुहं पत्र वाचून मी अन् आमचे हे, मुखरूचे भाटवे, पोट धरून हसलो. हा मुखरू कधीपासून एवढा नखऱ्याचा झाला बाप्पा? करपलेली भाकर देल्ली तरी हा पोट्टा बोटं चाटत उठे. भाजीत मीठ नसलं तरी याले पत्ता नसे. मले त वाटते, बायको मिळाली म्हणून साहेबी करून राह्यला.

तरी सांगते. चटणीत लसूण जास्त घाल, अन् काकडी पातळ धोतराच्या फडक्यात घालून पिळ, हातानं पिळू नको. एवढं करूनही तोंड वाकडं केलं त मले लिही. मी येऊन त्याचा कान पिळते. तब्येतीले जप, रात्री पाण्याले एकटी जाऊ नको.

तुमच्या दोघायच्या सुखात सुख मानणारी,
भागीरथा

॥ श्री ॥
एटापल्ली, ता. ४ नोव्हेंबर १९५७

ती. सौ. भागीरथाबाई यांना सायत्राचा सा. न. वि. वि.

तुम्ही सांगतलं तसं सगळं केलं. काही उपयोग नाई. पहिल्या पत्रात लिहाले लाज वाटली, ते आज लिहिते. दर खेपेले अर्धं सँडविच पानात बांधलेलं परत येते. चुलीजवळ ठेवतात, अन् एक शब्द न बोलता पाय धुवाले जातात. भाकर नेली त चतकोरही परत येत नाई. फक्त माहं सँडविचच नकोसं होते. वाईट बोलले असते त बरं वाटलं असतं बाई. हे मुक्यानं ठेवणंच जिवाले लागते.

मागच्या आठवड्यात माहं डोकं फिरलं. यायच्या देखत ते अर्धं मी उचललं अन् बकरीपुढं टाकलं. हे पाहत राह्यले. तेव्हापासून घरात बोलणं नाई. माहा भाऊ पत्रू सतरा तारखेच्या बाजाराले वडशाहून येऊन राह्यला, मले न्यायले. एकदा माहेरी गेली त मी परत येईन का नाई, माहं मलेच सांगता येत नाई. माहं चुकलं असन त पोटात घाला.

तुमची,
सायत्रा

॥ श्री ॥
एटापल्ली, ता. ५ नोव्हेंबर १९५७

ती. सौ. भागीरथाबाईस मुखरूचा सा. न. वि. वि.

सायत्रा माहेरी चालली. तिले हे जंगलातलं घर आवडलं नाई. बाबा आणत तसं मी सँडविचातलं अर्धं दर खेपेले तिच्यासाठी आणतो. ते तिनं माह्यासमोर बकरीले घातलं. लय वाईट वाटलं बाई. तिचा राग नाई. जाते म्हणन त अडवणार नाई. भाटव्यायले नमस्कार.

तुहा,
मुखरू

॥ श्री ॥
राजुरा, ता. १० नोव्हेंबर १९५७

चि. सौ. सायत्रा हीस अ. उ. आ.

तुहं अन् मुखरूचं, दोन्ही पत्रं माह्यापुढं आहेत. तुम्हा दोघायले एका खुंट्याले बांधून ठेवावं असं वाटून राह्यलं! अवो येडे, परत आलेलं ते अर्धं उष्टं नाई, तुह्या वाटणीचं आहे.

आमचे बाबा लाकूडतोडीले जात. जंगलात काही बरं खायले मिळालं, का अर्धं पानात बांधून आईसाठी आणत. चुलीजवळ ठेवत अन् मुकाट पाय धुवाले जात. आई पाठ फिरवून खाई, आम्हा लेकरायलेही त्यातलं देत नसे. मुखरू तेवढंच पाहून शिकला. सांगावं लागते, हे बाबांनी शिकवलंच नाई. भाकर तो आणत नाई, कारण भाकर तू घरी खातेच. अन् काकडी पिळ, चटणी कोरडी ठेव, हे नखरे त्याच्यासाठी नाईत. दुपारी खाणाऱ्याले कायची चिंता? ते संध्याकाळपर्यंत तुह्यासाठी टिकाले पाहिजे, म्हणून हा सगळा जाच.

आता पत्रूसोबत जायचं का राहायचं, ते तू ठरव. मी जबरदस्ती करत नाई. मुखरूले वेगळं लिहीत नाई. त्याले आता तूच सांग.

दोघायवर सारखीच रागावलेली,
भागीरथा

॥ श्री ॥
एटापल्ली, ता. २० नोव्हेंबर १९५७

ती. सौ. भागीरथाबाई यांना सायत्राचा शिरसाष्टांग नमस्कार.

ज्या मोटारनं पत्रूभाऊ आला, त्याच मोटारनं तुमचं पत्र आलं. वाचून रात्रभर डोळ्याले डोळा नाई. बकरीची आठवण आली का रडू ये. पण यायच्याशी बोलाले तोंड उघडेना. सकाळी सँडविच बांधून देल्लं. यायनं पत्रूभाऊले रामराम केला, माह्याकडं पाह्यलंही नाई, अन् निघून गेले. दुपारच्या मोटारनं मी जाणार, हेच यायच्या मनात.

मोटार गेली, मी गेली नाई. पत्रूभाऊ लय चिडला, पण मी ऐकलं नाई. तो आज एकटाच वडशाले गेला.

संध्याकाळी हे आले अन् मले पाहून दारातच थबकले. हातात पळसाचं पान होतं. मी गेली असन असंच यायले वाटत होतं न बाई, तरीही अर्धं आणलं होतं! मी ते हातातून घेतलं अन् तिथीच उभ्यानं खाल्लं, भावासमोर, यायच्या जेवणाआधी. तुम्ही लाज काढाल त काढा. हे पाय धुवाले गेले नाईत. माहं खाणं होईस्तोवर पाहत उभे राह्यले, अन् मग विचारलं का काकडीले पाणी त नाई सुटलं.

भिजून सगळा गिचका झाला होता बाई. मी म्हटलं, कोरडी आहे.

अशाच रागवत जा, तुमचीच,
सायत्रा