कोरडं दुपटं

३ डिसेंबर १९९३
आले बाई एकदाची. वैजापूर सुटलं. पुंडलिकनगरात दोन खोल्या मिळाल्या, ह्यांना वाळूजच्या कंपनीत काम अन् मला लहान मुलांच्या दवाखान्यात रक्त तपासायचं. घरमालकीण भामाबाई म्हणाल्या, बानूला मी सांभाळते, मला कुठं ढोरं राखायचीत. सव्वा वर्षाची बानू त्यांच्या मांडीवर अशी बसली की माझ्याकडं बघेना. लबाड कुठली.
त्यांच्या देवळीत पितळी फुलपात्र पालथं घातलेलं असतं. त्यांच्या मेलेल्या सासूचं, दगडाबाईचं. पोराला हगवण लागली की म्हातारी पाणी तोडायची अन् पेला पालथा घालायची. पोटात पाणीच नाय तर बाहेर काय येणार, म्हणायची. भामाबाईंची दोन लेकरं त्यातच गेली. तरी त्या पेल्याला कुणी हात लावत नाही.

२० डिसेंबर
थंडीबरोबर उलट्या-जुलाबाची साथ आलीय. वॉर्ड भरलाय. सुकलेल्या पोरांची शीर सापडत नाही, लई जीव तुटतो. रक्तात युरिया, क्रिएटिनिन चढलेलं, म्हणजे मूत्रपिंडं थकली. डॉक्टर घसा फोडून सांगतात, मीठ-साखरेचं पाणी पाजा. पोरांच्या आया पाजत नाहीत. एकीला रागावले, तर म्हणाली, तुमच्याच आजींनी नको सांगितलं, हिरव्या लुगड्यातल्या. आमच्याकडं अशी कुणी बाईच नाही.

२८ डिसेंबर
कोपऱ्यातल्या खाटेवरचं पोरगं गेलं. लघवीच बंद झाली होती. उशाशी देवळीतल्यासारखंच पितळी फुलपात्र पालथं, काठावर बारीक दातांच्या खुणा. मला राग आला. तेच सुलटं करून पाणी भरलं अन् शेजारच्या पोरीला पाजलं. ती वाचली.
घरी सांगितलं तर भामाबाई पांढऱ्याफटक पडल्या. हात कशाला लावलास, म्हणाल्या, सासूला हिरव्या लुगड्यातच नेली होती.

१३ जानेवारी १९९४
उद्या विद्यापीठाचं नामांतर होणार म्हणतात, गावात ताण आहे. दुकानं बंद, ह्यांना कंपनीतच थांबवलंय. बानूला पहाटेपासून जुलाब. तरी वॉर्डात जावं लागलं. भामाबाईंना बजावलं, पाणी तोडू नका. त्या रडल्या. म्हणाल्या, दोन घालवून मी कशी तोडीन.

१४ जानेवारी, सकाळ
दुपटं कोरडं. रात्रीपासून एकही ओलं नाही. जुलाब थांबले, शांत झोपलीय. देवा, बरं वाटलं. भामाबाईंच्या हातावर तिळगूळ ठेवला.

दुपार
कोरडं— मी रक्त तपासणारी बाई, अन् कोरडं बघून हसले. लघवीच नाही. भामाबाई गेलेल्या लेकरांची शपथ घेतात, घोटघोट पाजलं म्हणतात. मग देवळी रिकामी का—
पाळण्याखाली आहे. पालथं.

रिक्षा नाही. भामाबाई बघायला गेल्यात, चौकापर्यंत. चमच्यानं पाजतेय, गालावरून ओघळतं— नाही, ओघळतही नाही, वाळतंय—

बानूनं डोळे उघडले. चमचा ढकलला. माझ्याकडं बघेना. माझ्या मागं बघून हात पसरतीय, मांडीवर जायला पसरते तसे— भामाबाई तर अजून बाहे