बायोडेट्यातला पगार

कोलंबस, ओहायो
१९ जानेवारी २०२५

ती. सुभाषमामांस,
ज्ञानदाचा सा. न. वि. वि.

तुमच्या नियमाप्रमाणे पत्र कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. फोनवर माणूस हो-हो म्हणतो आणि ऐकत नाही, असं तुम्ही म्हणता. तुमचा भाचा, म्हणजे माझा नवरा, समोर बसूनही तेच करतो. माझं मराठी कुवेतच्या शाळेतलं आहे, वेलांट्या सांभाळून घ्या.

थंडी भयंकर आहे. मामींनी दिलेले डिंकाचे लाडू संपले. त्यातले दोन मी खाल्ले, बाकीचे कुठे गेले ते विचारू नका.

आता कामाचं. इथे पगार हातात यायच्या आधीच ऑफिस त्यातून सरकारचा कर कापून घेतं, आणि किती कापायचा ते एका फॉर्मवर आपण सांगायचं असतं. लग्न झालं म्हणून खूण केली की कमी कापतात, कारण त्यांना वाटतं एका पगारावर दोघं जगतायत. पण दोघंही कमावत असतील तर तेही सांगावं लागतं, नाहीतर पुढच्या वर्षी कर भरताना एकदम मोठी रक्कम अंगावर येते. नीट हिशेब करायचा तर नवऱ्याचा पगार माहीत हवा.

तो मी वेदांतला विचारला. तो भांडी घासायला उठला. भांडी घासलेलीच होती. दुसऱ्यांदा विचारलं तर त्याला आईंना चिपळूणला फोन करायची आठवण झाली, तेव्हा तिकडे पहाटेचे चार वाजले होते. तिसऱ्यांदा तो गाडीवरचा बर्फ काढायला गेला. आमच्या गाडीवरचा संपला तेव्हा शेजाऱ्याच्या गाडीवरचा काढला.

मामा, मी हसत लिहिते आहे, पण मनात धाकधूक आहे. एरवी माणूस सोन्यासारखा. दर शनिवारी महागड्या हॉटेलात नेतो आणि बिल मला बघू देत नाही. नोकरी गेली आहे का त्याची? सकाळी डबा घेऊन निघतो तो जातो कुठे? सात आठवड्यांच्या संसारात लपवालपवी शिरली तर पुढची चाळीस वर्षं कशी काढायची?

स्थळ तुम्ही आणलंत. त्याचा बायोडेटा बाबांच्या हातात तुम्हीच दिलात आणि त्यात वर्षाला एक लाख पस्तीस हजार डॉलर असं लिहिलं होतं. तोच आकडा फॉर्मसाठी धरू का? हो किंवा नाही, एवढंच कळवा.

मामींना नमस्कार. माया आहेच, ती अशीच राहू द्या.

आपली,
ज्ञानदा


सलवा, कुवेत
२४ जानेवारी २०२५

चि. वेदांत यास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या बायकोचं पत्र आलं. तिने माझ्याकडे एका शब्दाचं उत्तर मागितलंय. हो म्हणावं तर मी तिला खोटा हिशेब करायला लावतो, नाही म्हणावं तर व्याह्यांना फसवलं हे कबूल होतं. तिला एवढंच कळवलं की नोकरी शाबूत आहे, बाकी दोन-तीन आठवडे दम धर. आता तू घासलेली भांडी पुन्हा घासू नकोस, हे वाच.

बाबा रे, पातक माझं आहे. एकतीस वर्षं मी इथल्या राई भागातल्या टाइल्सच्या गोदामात हिशेब लिहितोय, तेही आपल्या आपण शिकून, पण पगारातून कर कापतात म्हणजे काय ते मी कधी पाहिलंच नाही. इथे ठरले तेवढे दिनार बँकेत येतात. आणि आमच्याकडे पगार सांगायचा म्हणजे नुसता पगार कोणी सांगत नाही. घरभाडं धरायचं, वर्षाचं गावचं विमानाचं तिकीट धरायचं, नोकरी सोडताना मिळणारी इंडेम्निटी धरायची.

तू मला ब्याण्णव हजार कळवलेस. मला ते अंगात शर्ट न घातल्यासारखं वाटलं. मी त्यात भाडं घातलं, तिकीट घातलं, इंडेम्निटी घातली. तुझी कंपनी यातलं काही देते का, हे तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण उत्तर काय येणार ते ठाऊक होतं. एक लाख तीसवर पोचलो तेव्हा शेजारच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानातला आपला रत्नागिरीचा अशरफ येऊन बसला होता. तो म्हणाला की सुभाषभाई, एवढे चढलात तर अजून पाच चढा, लग्नाचं काम आहे, सवाब मिळेल, पुण्य लागेल. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी ती एक लाख पस्तीसची केली.

तुझे वडील गेल्यावर ताईने तुझं लग्न माझ्यावर सोपवलं, तेव्हा मला एवढंच दिसत होतं की मुलगी गुणाची आहे, सुटता कामा नये. पण गुणाच्या मुलीला खोटा कागद दाखवून आणली, हे आता घास घेताना आठवतं. तू तिला सरळ सांगून टाक. मामाने केलं म्हणून सांग. माझी लाज राखण्यासाठी स्वतःचा संसार खर्ची घालू नकोस.

तुझी मामी दोन दिवस माझ्याशी फक्त भाजीबद्दल बोलते आहे.

आशीर्वाद आहेत, ते खऱ्या पगाराच्या माणसालाही लागू होतात.

तुझा,
सुभाषमामा


कोलंबस, ओहायो
२ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
वेदांतचा सा. न. वि. वि.

तुम्ही सगळं अंगावर घेताय, पण ते तितकं खरं नाही. मेंदीच्या संध्याकाळी बाबांनी, म्हणजे ज्ञानदाच्या बाबांनी, मला खांद्याला धरून त्यांच्या बँकेतल्या चार लोकांसमोर नेलं आणि सांगितलं की जावई एक लाख पस्तीसवाला आहे. मी तो आकडा तिथे पहिल्यांदा ऐकला. आणि मान हलवली. ती मान माझी होती, तुमची नाही.

तेव्हापासून मी पस्तीसवाल्यासारखा वागतोय. शनिवारचं हॉटेल त्यातलंच. तिथे पाण्यालाही पैसे पडतात. मी रस्सा-भाताचा माणूस, काट्याने सॅलडची पानं खाऊन येतो आणि घरी आल्यावर लपून पोळीचा लाडू करतो. सांगायचं रोज ठरवतो. पण ती समोर आली की वाटतं, पगार कमी म्हणून ती सोडून जाणार नाही, पण खोटं बोललो म्हणून माझ्याकडे आधीसारखं बघणारही नाही.

मग मी पळवाट काढली. त्या फॉर्मवर एक लहान चौकट आहे. नवरा-बायको दोघांनी आपापल्या फॉर्मवर तिथे खूण केली की कोणी कोणाचा पगार विचारायचा नाही, ऑफिसं आपोआप जास्त कर कापतात. दोघांचे पगार साधारण सारखे असले की हे उत्तम बसतं. तफावत मोठी असली की गरजेपेक्षा जास्त कापला जाण्याचा संभव. तिचा पगार तिच्या बायोडेट्यात अठ्ठ्याऐंशी हजार होता, माझा खरा ब्याण्णव. म्हणजे चौकट आम्हाला अगदी चपखल. मी तिला सांगितलं की चौकटीवर खूण करू आणि मोकळं होऊ.

मामा, ती लगेच हो म्हणाली! हे मला खटकतंय. तिच्या समजुतीप्रमाणे माझे एकशे पस्तीस आणि तिचे अठ्ठ्याऐंशी. एवढी तफावत असताना चौकट म्हणजे तोटा. दुधाच्या डब्यावरचं चाळीस सेंटचं कूपन जपून कापणारी मुलगी, तिने फॉर्मच्या सूचना माझ्याआधी वाचल्या होत्या, आणि वाद न घालता खूण करून टाकली. तिला सगळं कळलंय आणि ती माझी परीक्षा बघतेय का?

काय करू ते कळवा. मामींचा राग उतरला का?

तुमचाच,
वेदांत


सलवा, कुवेत
१५ फेब्रुवारी २०२५

चि. वेदांत व चि. सौ. ज्ञानदा,
दोघांना एकत्र आशीर्वाद. हे पत्र दोघांनी एका वेळी, एकाच सोफ्यावर बसून वाचायचं.

ज्ञानदा, आधी तुझं उत्तर. नाही. तो आकडा धरू नकोस. वेदांतने मला पगार खरा कळवला होता, मी त्यावर इमला चढवला. भाडं, तिकीट, इंडेम्निटी, सगळं माझ्या मनचं. वेदांतला ते मेंदीच्या दिवशी कळलं आणि तो गप्प बसला, तेवढा त्याचा दोष. बाकीचा माझा. तुझी क्षमा मागतो. वयाने मोठ्या माणसाने क्षमा मागितली की धाकटी माणसं संकोचाने असू दे म्हणतात. तू तसं म्हणू नकोस, चार शब्द सुनाव, मला बरं वाटेल.

आता दुसरी गोष्ट. तू चौकटीला लगेच हो म्हणालीस हे वेदांतने मला लिहिलं. त्याला वाटलं तू त्याची परीक्षा बघतेस. मी हिशेबाचा माणूस, न भांडता मिळालेला होकार माझ्या पचनी पडत नाही. रात्रभर नाही, पण चहाच्या दोन कपांपुरता विचार केला. जिला नवऱ्याचा पगार एकशे पस्तीस वाटतो तिला जर ही चौकट चपखल वाटली, तर तिचा स्वतःचा पगार अठ्ठ्याऐंशी असेलच कसा?

काल जुम्म्याची सुट्टी. उठलो आणि रुमैथियाला तुझ्या बाबांकडे, देवेंद्ररावांकडे गेलो. तुमची मामी मेधा म्हणाली मीही येते, हा तमाशा मला चुकवायचा नाही.

मी आधी माझा गुन्हा कबूल केला. देवेंद्रराव लाल झाले. म्हणाले की सुभाषराव, मी तुम्हाला भाऊ मानलं, बँकेत उभं आयुष्य गेलं माझं आणि तुम्ही मला फुगवलेला कागद दिलात. मी खाली मान घालून ऐकलं. इथला दुधाळ करक चहा निवून साय धरली. बरंच बोलून झाल्यावर मी हळूच विचारलं की आमच्या सुनेचा पगार नक्की किती. त्यांनी वहिनींना बिस्किटं आणायला सांगितलं. वहिनी म्हणाल्या की बिस्किटं समोरच आहेत.

मग बाहेर आलं. यांनी कर वजा केला, म्हातारपणासाठी कापतात ते वजा केलं, विमा वजा केला, आणि हातात पडतं ते अठ्ठ्याऐंशी म्हणून लिहिलं. वर मलाच सांगतात की कुवेतमध्ये पगार म्हणजे हातात येतो तोच. मी केली बेरीज, त्यांनी वजाबाकी. मेधा म्हणाली की व्याही शोधायला फार लांब जावं लागलं नाही, एकाच माळेचे मणी निघाले. हे अशरफला सांगितलं तर तो अजून हसतोय. दुकानात गिऱ्हाईक आलं तरी थांबत नाही.

पण ज्ञानदा, हसून झाल्यावर तुझे बाबा जे बोलले ते वेदांतनेही ऐकलं पाहिजे म्हणून लिहितो. तुझ्यासाठी आधी दोन स्थळं आली होती. एकाने पगार ऐकल्यावर म्हटलं की आमच्या मुलाला हिच्या हाताखाली राहावं लागेल. दुसऱ्यांनी फोन घेणंच बंद केलं. तिसऱ्यांदा तुझ्या बाबांचा धीर झाला नाही. ज्या लेकीचं कौतुक गावभर सांगत फिरायचं, तिचंच कर्तृत्व कागदावर कमी करून लिहावं लागलं, असं म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. मीही मग त्यांच्यावर रागावायचं सोडून दिलं.

खरे आकडे मी इथे लिहीत नाही. ज्याचा त्याने आपल्या तोंडाने सांगायचा. वेदांत, आकडा ऐकल्यावर तू कसा वागतोस यावर मी तुला कसलं स्थळ म्हणून पुढे केलं ते ठरणार आहे. चौकट खोडा आणि बोला.

दोघांवर सारखाच जीव आहे, त्यात तफावत नाही.

तुमचा,
सुभाषमामा


कोलंबस, ओहायो
२३ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस व ती. मामींस,
ज्ञानदाचा सा. न. वि. वि.

चार शब्द सुनाव म्हणालात म्हणून सुनावते. मामा, एक लाख पस्तीस हजाराचा आकडा लिहिताना तुम्हाला त्या गरीब माणसाला दर शनिवारी काट्याने पानं खावी लागतील हे सुचलं नाही? झालं सुनावून. आणि तिथे मी फक्त सूप मागवत होते, कारण अठ्ठ्याऐंशीवाल्या मुलीला ते शोभेल असं वाटायचं. दोघंही उपाशी घरी यायचो.

तुमचं पत्र सोफ्यावर बसून वाचलं. वेदांतने लगेच सांगितलं, ब्याण्णव. कान लाल झाले होते त्याचे. मला इतकं हलकं वाटलं की मी हसले, आणि मग लक्षात आलं की आता माझी पाळी आहे. बाबांचा अठ्ठ्याऐंशीचा आकडा मला साखरपुड्याआधीच कळला होता आणि मीही तोंड उघडलं नव्हतं. नोकरी गेली का म्हणून त्याच्यावर संशय घेणारी मी, त्याच्यापेक्षा जुनी चोर.

सांगितलं. एक लाख छत्तीस हजार.

मामा, आकडा ऐकल्यावरची त्या दोन घरांतली शांतता मला माहीत आहे. माणसं हसतमुख राहतात आणि बशीतला चिवडा निवडून खायला लागतात. मी मनात धरून चालले की आता हा उठणार. तो उठला नाही. त्याने विचारलं की आपण दोघं नोकरीला एकाच वर्षी लागलो, मग तुझा पगार इतका कसा वाढला, त्यांनी आपणहून दिला की तू मागितलास. मी म्हटलं मागितला, दोनदा. पहिल्यांदा नाही म्हणाले म्हणून दुसऱ्यांदा. तो म्हणाला की मी एकदाही मागितला नाही, लाज वाटली, तू शिकवशील का.

मग रात्रीचं जेवण राहिलं बाजूला आणि आम्ही फॉर्म काढले. दोघांनी नवे कोरे फॉर्म घेतले, चौकट रिकामी ठेवली, खरे आकडे घालून हिशेब केला. वरचा जो कर कापायला सांगायचा, तो फक्त एकाच फॉर्मवर लिहायचा असतो, ज्याचा पगार मोठा त्याच्या. ती ओळ आली तेव्हा मी वाचता वाचता थांबले. वेदांतने ती स्वतः मोठ्याने वाचली, माझा फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला की लिही, अक्षर नीट काढ.

बाबांशी काल बोलले. मध्येच आईने फोन घेतला, सांगितलं की रडतायत पण छान रडतायत. त्यांना तुमच्याकडे जेवायला बोलवा. दोघांना एकमेकांवर नजर ठेवायला बरं.

पत्राखाली वेदांतला दोन ओळी लिहायच्या आहेत, म्हणून थांबते. रागावून झालेलं आहे, माया तेवढी उरली आहे, ती घ्या.

आपली,
ज्ञानदा

ता. क. मामा, मी वेदांत. बायकोचा पगार माझ्यापेक्षा चव्वेचाळीस हजारांनी जास्त आहे हे मी काल समोरच्या शेजाऱ्याला सांगितलं. त्याने विचारलं नव्हतं. तो फक्त कचरा टाकायला बाहेर आला होता.