काठोकाठ वाटी

३ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी.
बिस्किटांचा पुडा फोडला. दहा निघाली. परत मोजली. दहाच. गेल्या महिन्यापर्यंत बारा असायची. किंमत तीच, रंग तोच, वरचं हसरं बाळसुद्धा तेच. आधी लेकीवर संशय घेतला. ती म्हणाली, आई, सीलबंद पुड्यातून बिस्किटं काढायला मी जादूगार आहे का? मग तिनेच मागची मुंगीएवढी अक्षरं वाचून दाखवली. शंभर ग्रॅमचे चौऱ्याऐंशी झालेत. सोळा टक्के. हे मी तोंडी काढलं. मॅट्रिकला गणितात अडुसष्ट होते, ते वाया गेलेले नाहीत.
सासूबाईंना दोन्ही वेळच्या चहाबरोबर दोन-दोन लागतात. पुडा बरोबर तीन दिवस जायचा. आता अडीच. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडातला घास काढून घेतात आणि वर बाळ हसतंय.
संकल्प: या कंपनीला जाब विचारायचा. देव साक्षीला आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार.
माळ्यावरून वजनकाटा काढला. घर वजन करून पाहिलं. साबण शंभरचा सत्त्याऐंशी. चहा अडीचशेचा दोनशे पंचवीस. तेलाची लिटरची पिशवी आता लिटरची नाहीच, तसं पिशवीवर लिहिलंय म्हणे, पण वाचतो कोण? हे म्हणाले, मलाही ठेव काट्यावर, पगार तेवढाच आहे की घटलाय ते बघ. ह्यांना सगळ्याची थट्टा.
दुकानदाराला धारेवर धरलं. तो म्हणाला, वहिनी, माझ्यावर कशाला डाफरता? मला खोक्यात येतं तेच मी फळीवर मांडतो. मग हळूच म्हणाला, भाव वाढवला की गिऱ्हाईक ओरडतं. वजन कमी केलं की कुणी ओरडत नाही.
हे वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवते आहे. पुरावा म्हणून.

१२ फेब्रुवारी, बुधवार.
किराणा गेल्या वर्षीपेक्षा महिन्याला सातशेने जास्त. ह्यांचा पगार तोच. देवाने मला हिशेबाचं डोकं दिलंय ते अशाच वेळेसाठी.
पण घरात कमी खा म्हटलं की तोंडं वाकडी होणार. म्हणून वेगळा उपाय. भांड्यांच्या दुकानातून चार वाट्या आणल्या. हुबेहूब जुन्यांसारख्या, काठाखालची रेघ तीच. फक्त खोलीला अर्ध्या बोटाने कमी. जुन्या गुंडाळून माळ्यावर टाकल्या.
यात फसवणूक काही नाही. वाटी काठोकाठ भरूनच वाढते. रिकामी वाढली तर पाप.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.
यशस्वी. ह्यांनी विचारलं, धुण्यात वाट्या आटल्या का? मी म्हटलं, तुमचं पोट सुटलंय. विषय संपला. लेकीचं लक्ष फोनमध्ये. सासूबाईंनी वाटी हातात घेतली, काठावरून एकदा बोट फिरवलं. त्यांच्या एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा अजून व्हायचाय, तेव्हा असं चाचपायची सवयच आहे. भात, डाळ, भाजी, सगळं निपटून खाल्लं. पुन्हा मागितलं नाही.
आमच्या घरात मागत नाहीत. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी मला सांगितलं होतं, या घरात खाणाऱ्याने मागायचं नसतं, वाढणाऱ्याने ओळखायचं असतं. मी अजून पाळते. त्यांनी मागितलं नाही, म्हणजे त्यांचं पोट भरलं.

१ मार्च, शनिवार.
कंपनीला पत्र टाकलं. आठ रॅपर टाचून. तीन वेळा खाडाखोड करून शेवटी असं लिहिलं: "माननीय महोदय, आपला खर्च वाढला असल्यास आम्हाला विश्वासात घेऊन तसे सांगावे. सांगून कमी केले असते तर चालले असते. परंतु तेच चित्र ठेवून आतले गुपचूप कमी करणे म्हणजे घरच्याच माणसाच्या ताटातून चोरी करण्यासारखे आहे. वर एक देव बसला आहे याचा विसर पडू देऊ नये."
लेकीने वाचलं. म्हणाली, आई, भारी लिहिलंयस. मग माझ्याकडे जरा बघत राहिली. पोरीला अभिमान वाटला असणार.

१४ मार्च, शुक्रवार.
दुधात थोडं पाणी घालायला लागले. तिनास एक. डॉक्टरही सांगतात, साय खाऊ नका.
महिन्याची बचत पंधराशे! वाढले होते सातशे. उरलेले आठशे निराळ्या डब्यात टाकले, देवापुढे चांदीचा दिवा घ्यायचा म्हणून. पितळेच्या दिव्यात वात लावताना मला लाज वाटते. हा नफा नव्हे. देवाचं आहे.
माझं काय, मी स्वयंपाक करता करता चव बघते तेवढंच. भांडं खरवडून काढायला लागतं, टाकून कसं देणार? बांगड्या हल्ली मनगटाला रुतायला लागल्यात. हवेने सूज येते.

४ एप्रिल, शुक्रवार.
कंपनीचं उत्तर आलं! जाड गुळगुळीत कागद. "आदरणीय ग्राहक, कच्च्या मालाच्या दरात आठ टक्के वाढ झाल्याने, आपल्यावर भाववाढीचा बोजा पडू नये, याच काळजीपोटी आम्ही पुड्याचा आकार थोडा आटोपशीर केला आहे." सोबत एक पुडा फुकट मिळण्याचं कूपन.
काळजीपोटी! मेल्या मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात.
कूपन जपून ठेवलं. पुरावा म्हणून. (मुदत महिनाअखेरपर्यंत.)

२२ एप्रिल, मंगळवार.
लेकीने पेपरातली बातमी दाखवली. त्याच कंपनीचा नफा यंदा एकतीस टक्क्यांनी वाढला. मी सरळ गणित मांडून दाखवलं. खर्च वाढला आठ, कापलं सोळा. मग वरचे आठ कुठे गेले? खिशात. म्हणजे महागाई हे निमित्त. महागाईएवढंच कापलं असतं तर मी गप्प बसले असते. हे म्हणाले, तू कंपनीत हवी होतीस. लेक म्हणाली, आहेच की. आणि दिव्याच्या डब्याकडे बघितलं. मी म्हटलं, देवाच्या गोष्टीत चेष्टा नको.
डब्यात सोळाशे झाले.
सासूबाईंचे कपडे फार सैल दिसतात. धुण्याच्या पावडरीत काहीतरी घालतात मेले, कापड ताणतं. पुढच्या पत्रात लिहायचं.

९ मे, शुक्रवार.
सासूबाई दुपारभर पडूनच असतात. वय. एकोणऐंशी म्हणजे काय थोडं झालं? मी विचारलं, काही हवंय का? म्हणाल्या, काही नको गं, तू बस जरा, दमतेस. बिचाऱ्या समाधानी आहेत. हे दुपारी कारखान्याच्या कँटीनला जेवतात, लेक कॉलेजात वडे-पाव काहीबाही खाते. घरच्या सात्त्विक, मोजक्या अन्नावर राहणारं माणूस या घरात एकच.

२६ मे, सोमवार. संध्याकाळी.
सासूबाई न्हाणीघराच्या दाराशी चक्कर येऊन पडल्या. हाड मोडलं नाही, देवाची कृपा. दवाखान्यात नेलं. नर्सने काट्यावर उभं केलं. अडतीस किलो. डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळच्या, म्हणजे जानेवारीच्या कागदावर चव्वेचाळीस आहे.
टक्के काढले नाहीत.
डॉक्टरांनी विचारलं, जेवण काय असतं? मी ठामपणे सांगितलं, दोन्ही वेळा भाताच्या दोन वाट्या, एक वाटी डाळ, एक वाटी भाजी. शिवाय पेलाभर दूध. काठोकाठ. त्यांनी लिहून घेतलं. म्हणाले, एवढं खाऊन वजन उतरतंय म्हणजे आत कुठेतरी काहीतरी आहे. शोधायला हवं. हे पांढरे पडले. सासूबाईंना ठेवून घेतलंय.

२८ मे, बुधवार.
रक्त, लघवी, फोटो. सगळ्यात नुसता अशक्तपणा. रोग सापडत नाही. दिव्याचा डबा रिकामा झाला, वर ह्यांनी मित्राकडून आणले. पोटात नळी घालून बघायची आहे, शनिवारी. भूल द्यावी लागणार. डॉक्टर म्हणाले, या वयात, या वजनात भूल म्हणजे जोखीम असते, कल्पना देऊन ठेवतो. सही ह्यांनी करायची आहे.
निघताना डॉक्टर म्हणाले, घरात जेवायला जी वाटी वापरता ती उद्या घेऊन या. मला अंदाज येईल.
घरी येऊन माळ्यावर चढले. जुनी वाटी काढली. घासून लख्ख केली. उगाच कुणाचा गैरसमज कशाला? वाटी आमचीच आहे. पंधरा वर्षं हीच वापरली. खोटं कुठे आहे त्यात?

२९ मे, गुरुवार.
डॉक्टरांनी वाटी बघितली. चांगली मोठी आहे म्हणाले. मग सासूबाईंच्या हातात देऊन विचारलं, आजी, यातच जेवता ना?
सासूबाईंनी वाटी धरली. काठावरून बोट फिरवलं. मग आत, तळापर्यंत. हे उशाशी उभे होते. सासूबाई म्हणाल्या, हो. हिच्यातच. माझी सून काठोकाठ वाढते.
डॉक्टर म्हणाले, मग शनिवारी नळी घालावीच लागेल.
डॉक्टर आणि हे बाहेर गेल्यावर त्यांनी वाटी माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, बरं झालं, सापडली. मला वाटलं होतं मोडीत घातलीस. मी वाटी पिशवीत घातली. त्या म्हणाल्या, अगं, सांगून कमी केलं असतंस तर चाललं असतं.
माझ्या पत्रातलंच वाक्य. त्यांना पत्र कुणी वाचून दाखवलं होतं? लेकीने? विचारलं नाही.

३० मे, शुक्रवार. पहाटे.
दोन्ही वाट्यांत पाणी भरून काट्यावर ठेवलं. जुनी एकशे ऐंशी. नवी एकशे चाळीस. टक्के तोंडी निघतात, नको म्हटलं तरी निघतात. बावीस. कंपनी सोळावर थांबली होती. दुधाचं पाणी निराळंच.
संकल्प: आज डॉक्टरांना सांगायचं. हे सही करायच्या आधी.

३० मे. रात्री.
सांगितलं. दोन्ही वाट्या टेबलावर ठेवल्या. आधी पाच-दहा मिनिटं मी महागाईवरच बोलत होते. पुडे, साबण, आठ टक्के, सोळा टक्के. डॉक्टर म्हणाले, बाई, कंपनीचं नंतर. वाटीचं सांगा. मग वाटीचं सांगितलं. दुधाचंही. दिव्याच्या डब्याचं सांगणार नव्हते, पण तेही निघालं.
ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नळीचा कागद फाडला आणि दुसऱ्या कागदावर एकच ओळ लिहिली. "जेवण वाढवा. हळूहळू." औषध काही नाही. तो कागद ह्यांनी वाचला. माझ्याकडे बघितलं नाही. रिक्षात शेजारी बसले, मध्ये पिशवी ठेवून. पिशवीत दोन्ही वाट्या एकमेकींवर वाजत होत्या.

१ जून, रविवार.
सासूबाई घरी आल्या. घरात कुणी मला काही विचारत नाही. हे पाणीसुद्धा स्वतः उठून घेतात.
नव्या चारही वाट्या माळ्यावर टाकल्या. जुन्या फळीवर लावल्या. दूध निर्भेळ. संकल्प: महिन्याला दोन किलो. तीन महिन्यांत सहा. ऑगस्टअखेर चव्वेचाळीस. तक्ता आखून भिंतीला लावला आहे.

४ जून, बुधवार.
जुन्या वाटीत भात, काठोकाठ. सासूबाईंनी चार घास खाल्ले. मी म्हटलं, अजून घ्या ना, हवं तेवढं आहे. खूप आहे. त्यांनी आणखी दोन घास घेतले, आणि सगळं उलटून पडलं. लेकीने पुसून घेतलं. मला हात लावू दिला नाही.
डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, पोटाची सवय मोडलीय. या वयात परत लागेलच असं नाही.

९ जून, सोमवार. दुपारी.
काट्यावर उभं केलं. सदतीस. तक्ता काढून टाकला.
कंपनीला दुसरं पत्र लिहायला बसले होते. "माननीय महोदय" लिहिलं. पुढे सुचलं नाही. बिस्किटांचा नवा पुडा आलाय. नऊच निघतात. सासूबाईंना आता एक पुरतं.
जेवायला वाढलं. त्यांनी जुनी वाटी उचलली, काठावरून बोट फिरवलं, आणि हळूच माझ्याकडे सरकवली. म्हणाल्या, हिच्यात नको गं. फार दिसतं. ती नवी धाकटी वाटी होती ना, तिच्यात वाढ मला.
एवढ्या वर्षांत या घरात कुणीतरी पहिल्यांदाच काही मागितलं.
माळ्यावर चढून काढून आणली.