डाव्या हातावर प्रसाद

३ फेब्रुवारी, सोमवार
आज सकाळी पूजा झाल्यावर रोजच्यासारखं पळीभर तीर्थ सुमनच्या तोंडात घातलं. पडल्या पडल्याच. ठसका लागला. ओठ निळसर झाले. कुशीवर वळवून पाठ चोळली, तेव्हा कुठे श्वास आला. माझी बायको माझ्याच हातून...
दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "घरी नीट काळजी घ्या." नीट म्हणजे कशी, कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

४ फेब्रु.
व्यायामाच्या मॅडम आल्या. कालचं सांगितलं. "काका, अर्धांगाच्या झटक्यानंतर गिळणं बिघडतं. पातळ पाणी श्वासनलिकेत जातं. बसवून द्या, घट्टसर द्या, हनुवटी खाली." उजवा हात एवढ्यात येणार नाही म्हणाल्या, डाव्यानं जेवायला शिकवा.
चमचा डाव्या हातात दिला. सु.नं तोंड घट्ट मिटलं. तिच्या माहेरी डाव्यानं जेवणाऱ्या पोरीला चुलीतल्या लाकडाचा धाक असे. वाचा गेली, हट्ट शाबूत आहे. देवाची कृपा.

७ फेब्रु.
लोणी काळभोरहून मेहुणे आले.
"दाजी, हे बाईमाणसाचं काम हाय. तुम्हाला न्हाय जमायचं. रविवारी गाडी आणतो, ताईला घरी नेतो."
"तिथल्या बायकांना कुणी शिकवलंय?"
"त्यात काय शिकायचं? भरवायचं!"
सोमवारपर्यंत मीही हेच म्हणत होतो. बोलता बोलता त्यांनी आडव्या सु.च्या ओठांना चहाचा कप लावला. मी मनगटच धरलं. चहा चादरीवर. रागावून गेले.

८ फेब्रु.
रजा संपत आली. सु. स्वतःच्या हातानं खाईना, तर दिवसा कोण भरवणार? मग तिचं माहेर, लोणी काळभोरच.
आज तिच्यासमोर मीच डाव्या हातानं जेवलो. आमटी सदऱ्यावर. तिचं अर्धं तोंड हसलं. पण चमचा धरला नाही.
देवापुढे बसलो. उजवा नेला तोही त्यानंच, डावा ठेवला तोही त्यानंच. मग त्या हाताला विटाळ कसला? दोष लागायचाच तर मला लागू दे.

९ फेब्रु., रविवार
मेहुणे सकाळीच गाडी घेऊन हजर. मी पूजा आटोपली. सु.ला उशा लावून ताठ बसवलं. साखर घोटलेल्या चक्क्याचा नैवेद्य दाखवला आणि तिच्या डाव्या तळहातावर ठेवला.
"दाजी! डाव्या हातावर परसाद?"
"देवाला चालतो. तुम्हाला चालत नसेल तर गॅलरीत उभे राहा."
गेले नाहीत.
सु. तळहाताकडे बघत राहिली. प्रसाद तिनं जन्मात कधी टाकला नाही, हे मला माहीत होतं. हात उठला. छातीपाशी थांबला. मेहुणे पुढे सरसावले, मी आडवा उभा राहिलो. हात पुन्हा वर सरकला. मग थोडं ओठाला लागलं, बाकी अंगावर. गिळलं. ठसका नाही.
दुपारच्या भाताला मात्र पुन्हा तोंड मिटलं. रजा संपेपर्यंत काय होईल, तोच जाणे.
मेहुणे निघताना म्हणाले, "पुढच्या रविवारी बघू."
म्हटलं, "या की. जेवायला या."
गाडी रिकामी परत पाठवली.