आधी चांदणीची शेपटी, मग माझं डोकं

लातूर, सोमवार

तीर्थरूप पार्वतम्मा अक्का, तुझ्या पायाशी धाकट्या गौरम्माचा शरणार्थ. पत्र मी सांगून राहिले आणि माझी नात भार्गवी लिहून घेऊन राहिली. मी बोलेन तसंच लिही म्हणून तिला बजावलंय, पण ती कॉलेजात शिकते, त्यामुळं माझं बोलणं हातातल्या हातात धुऊन, पिळून मग कागदावर वाळत घालते. मला अक्षर येत नाही, पण पेन थांबलेलं कळतं. जिथं थांबेल तिथं ती काहीतरी गिळून राहिली असं समज. (मी काही गिळत नाही, मोठी आजी. — भार्गवी)

तुझे गुडघे कसे आहेत? करडईचं तेलच चोळतेस, की सुनेनं आणलेलं ते थंड मलम, जे लावलं की गुडघा दुखायचा तेवढा दुखतोच, वर घरभर वास सुटतो? दाढ काढलीस का अजून तिच्याशी संसार चालूच आहे? इकडं सगळे ठीक आहेत, म्हणजे वेळेवर जेवून राहिलेत आणि वेळेवर भांडून राहिलेत. फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. तुझी सून फोन स्पीकरवर टाकून भाकऱ्या थापते, आणि माझ्या डोक्याची गोष्ट निलंग्याच्या बसस्टँडवर चहासोबत निघावी अशी माझी इच्छा नाही. तू चौथी शिकलीस. चष्मा लाव, वर छतावर, माळवदावर जा आणि एकटीनं वाच.

गोष्ट केसांची आहे. माझे केस कसे होते ते तुला सांगायला नको. लग्नात माझ्या सासूला वाटलं, पोरीनं खोट्या केसांचं गंगावन लावलंय. तिनं चारचौघींत वेणी ओढून बघितली आणि मी नवी नवरी असून तिच्या हातावर चापट मारली. (ती चापट पुढं पाच-सहा वर्षं दर भांडणात निघत होती.) त्या केसांचा आता कडबा झालाय. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड, की बादलीला आतून पांढरा थर चढतो, मग डोक्याला काय चढत असेल ते बघ. वरून ही कोरडी थंडी. आठ दिवसांमागं, रविवारी, सून विशाखा माझ्या पाठीमागून जाता जाता थांबली आणि तिनं माझ्या अंबाड्यातून फणीचा तुटका दात काढला. मग आणखी एक. शाळेत पोरांच्या दप्तरातून गोट्या काढून ठेवतात तसे तिनं ते माझ्यासमोर मांडले. मी म्हटलं, बरं झालं, मी शोधूनच राहिले होते. तिला हसू आलं नाही. मास्तरीण आहे, तिनं उभ्या उभ्या निकाल दिला. म्हणाली, आत्या, हा गुंता आता सुटायचा नाही, खांद्यापर्यंत कापून टाकू, डोकं हलकं होईल.

अक्का, मला डोकं हलकं करायचं नाही. या वयात माणसाकडं वजन म्हणून राहतं काय? मी मुदत मागितली. येळवसेच्या अमावस्येला पूजेसाठी शेतात जायच्या आत फणी टाळूपासून शेवटापर्यंत न अडकता गेली तर केस माझे, नाही तर अलीझाची कात्री. विशाखा मध्येच म्हणाली होती, मी विंचरून देते. ते मी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण ऐकू आल्याचं दाखवलं नाही.

अलीझा म्हणजे आपल्या बांगड्यावाल्या अमीरबीची नात. तू इथं आलीस की अमीरबी बांगड्या भरायला यायची बघ. पोरीनं गल्लीच्या तोंडाशी पार्लर टाकलंय. तिथं विशाखा मला घेऊन गेली. अलीझानं माझा अंबाडा सोडला, बोटांनी गुंता चाचपला, मग हळूच म्हणाली, "नानी, बालाँ भौत सुक्के हो गए." मी म्हटलं, कडबा झालाय म्हण की, लाजतेस काय. मग तिनं तीन जोड्या मांडल्या. एका जोडीत दोन बाटल्या, एक शाम्पू आणि एक कंडिशनर, नवरा-बायकोसारख्या एकाच रंगाच्या. एका जोडीत परदेशातल्या कुठल्या झाडाचं तेल होतं. त्या झाडावर शेळ्या चढतात म्हणे. मी विश्वास ठेवला नाही तर तिनं मोबाईलवर फोटो दाखवला. खरंच चढल्या होत्या, आणि आपल्या इथल्या शेळ्यांपेक्षा समाधानी दिसत होत्या. विशाखा बाटल्या फिरवून फिरवून वाचून दाखवत होती. यात सल्फेट नाही, यात पॅराबेन नाही, यात सिलिकॉन नाही. मी म्हटलं, बाई, नाही काय ते कळलं, बाटलीत आहे काय ते सांग.

शाम्पूनं केसातलं काढायचं आणि कंडिशनरनं परत घालायचं, असा एकूण कारभार आहे. (मग आधी काढायचंच कशाला, हे मी विचारलं. अलीझानं हसून झाकण उघडलं आणि बाटली माझ्या नाकाशी धरली.) पण पोरगी हुशार. शाम्पू मुळांना, कंडिशनर फक्त खालच्या अर्ध्या केसांना, थोडा वेळ तसंच ठेवायचं आणि कढत पाणी घ्यायचं नाही, हे तिनं मला नीट समजावलं. आणि म्हणाली, कोरड्या केसांना फेस जेवढा कमी तेवढं बरं. आमच्या बोअरला तर फेस येतच नाही, म्हणजे आमचं बोअर आधीपासूनच सलूनचं निघालं. कुठली जोडी घ्यायची यावर त्या दोघींचं एकमत होईना. मी म्हटलं, तिन्हींचं थोडं थोडं डब्यांत काढून दे, मी बघते. डब्यांना तीन रंगांचे दोरे बांधून घेतले. वाचणाऱ्यांना बाटली लागते, मला दोरा पुरतो.

आता तू म्हणशील, लावून बघितलंस? अक्का, आपण तूर घेताना मूठभर आधी शिजवून बघणाऱ्या बायका. डोकं एकच आहे, त्याच्यावर परीक्षा घ्यायची नसते. आमचा दूधवाला मन्मथ, त्याचा गोठा बार्शी रोडच्या पुढं आहे. त्याच्याकडं चांदणी नावाची देवणी गाय आहे, अंगावर काळे ठिपके, आणि शेपटीचा गोंडा असा की मला माझी जवानी आठवावी. फक्त शेणानं आणि कुसळांनी त्याचाही कडबाच झालेला. लोह्याच्या बाजूला एका जत्रेत जनावरांचं प्रदर्शन होतं, तिथं तो तिला नेणार होता. मी म्हटलं, मन्मथ, शेपूट मी धुऊन देते. यात खोटं काही नव्हतं. भार्गवीला घेऊन देवळात जाते असं विशाखाला सांगितलं तेवढं होतं, पण वाटेत देऊळ लागतं.

गोंड्याचे तीन भाग केले, तिन्हींना तीन दोरे बांधले. पहिल्या जोडीला मन्मथच्या हौदाच्या पाण्यातही फेस आला, पण वाळल्यावर केस खराट्यासारखे उभे. दुसरीचा वास इतका गोड, की गोठ्यातल्या सगळ्या माश्या तिथं राहायला आल्या. चांदणीनं वैतागून शेपूट फिरवली ती कंडिशनरसकट भार्गवीच्या तोंडावर. तेव्हापासून पोरीचे गाल मऊ आहेत. (साफ खोटं. मी घरी येऊन दोनदा आंघोळ केली. — भार्गवी) तिसरी, शेळ्यांच्या झाडाची. फेस बेताचा, वास नावाला, आणि फणी अशी गेली जशी रेशमाची लड हातातून सुटावी. मग सगळाच गोंडा तिसरीनं धुतला, खालपासून वरपर्यंत विंचरला, एक कुसळ ठेवलं नाही. मन्मथ गायीकडं बघायचा सोडून शेपटीकडंच बघत उभा राहिला.

प्रदर्शनात काय झालं ते त्यानं येऊन सांगितलं. पंच आले, शिंगं बघितली, खूर बघितले, आणि शेपटीपाशी आल्यावर त्यांचा चेहरा बदलला. एवढा मऊ, झुलणारा गोंडा आजवर कुणी बघितलेला नव्हता. त्यांच्यात कुजबुज झाली की हा वरून बांधलेला आहे. थोरल्या पंचानं शेपूट धरून ओढली. काही निघालं नाही. त्यानं पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा हात पुढं केला तेव्हा चांदणीनं लाथ घातली. माणूस वाचला, चहाचं टेबल गेलं. नंतर पहिला नंबर त्यांनी लांबूनच जाहीर केला. अक्का, मला माझी सासू आठवली आणि मी पोट धरून हसले. चांदणीनं केलं ते बरोबरच केलं, तिला फक्त मोठी लाथ होती, मला लहान हात होता.

तेव्हा शाम्पू ठरला. काल रविवारी मी न्हाणीघराचं दार लावून तीच जोडी स्वतःला लावली, अलीझानं सांगितलं तशी. केस वाळले. हात लावून बघितला तर गायीच्या शेपटीइतके मऊ. गुंता मात्र जिथल्या तिथं. आधी कडक गुंता होता, आता मऊ गुंता आहे. विशाखानं बघितलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं गेली आणि येळवसेच्या तारखेवर बोट ठेवून उभी राहिली. तरी मी काही हरलेले नाही. शाम्पू चांगला आहे, कंडिशनर चांगला आहे, केस तर चांगले आहेतच. काहीतरी निघेल यातून.

असो. घरातल्या वडीलधाऱ्यांना शरणार्थ, पण आता तुझ्याहून वडीलधारं तिथं कोण उरलंय, तेव्हा तो तूच ठेवून घे. पोराबाळांना आशीर्वाद. सुनेला सांग, भाकरी जरा पातळ थाप.

तुझी,
गौरम्मा

ता. क. — अक्षर वेगळं दिसेल. भार्गवीला मन्मथच्या गोठ्यावर उरलेला शाम्पू द्यायला पाठवलंय आणि हे अलीझा लिहून राहिली. तिला शपथ घातलीय. खरं ते आता सांगते. माझा उजवा हात दिवाळीपासून खांद्याच्या वर जात नाही. डोक्यावरून पाणी घेते ते डाव्या हातानं, विंचरते डाव्या हातानं, म्हणून फणीचे दात तुटतात. चांदणीची शेपटी खाली लोंबते, मी बसले की माझ्या छातीशी येते, तिथं माझे दोन्ही हात पोचतात. म्हणून ती सुटली. शाम्पूचा त्यात काही मोठेपणा नाही. माझं डोकं देवानं वर बसवलंय, तिथं हात पोचत नाही. अक्का, येळवसेच्या आधी ये. सगळ्यांना सांगू, आंबील तुझ्याच हातची पाहिजे म्हणून बोलावलं. सकाळी दार लावून घेऊ आणि तू माझा गुंता काढ. लहानपणी तू शाळेत जायच्या आधी माझी वेणी घालायचीस आणि मी हलले की डोक्यात टिचकी मारायचीस. आताही मारलीस तरी चालेल. विशाखाला का सांगत नाहीस म्हणून विचारू नकोस. स्वभावानं चांगली आहे, तीच तर अडचण आहे. आज केस विंचरेल, उद्या पाठ चोळेल, परवा घास भरवेल. मला तिच्याशी रोज थोडं भांडावं लागतं, त्याशिवाय जेवण जात नाही. जिच्यापुढं मान खाली घालून वेणी घालून घेतली तिच्याशी संध्याकाळी भांडणार कोणत्या तोंडानं?

ता. क. — मोठी आजी, ही मी भार्गवी. अलीझानं शपथ मोडली नाही. पत्र उघडंच माझ्या हातात दिलं आणि "वाचू नको" म्हणाली, बस. आईला हे कधीचंच माहीत आहे. आजी डाव्या हातानं विभूती लावायला लागली त्याच दिवशी आई मला म्हणाली, हिचा हात गेलाय आणि ही मरेपर्यंत सांगणार नाही. कात्रीचं नाव तिनं मुद्दाम काढलं, म्हणजे आजी घाबरून तरी कुणाला सांगेल. तर ती गायीकडं गेली. तुम्ही नक्की या. डॉक्टरांकडं जायला आजी आमचं ऐकणार नाही, तुमचं ऐकेल. आणि आम्हाला माहीत आहे हे तिला कळू देऊ नका.

ता. क. — पुन्हा मी गौरम्मा. पाकीट चिकटवल्यावर हातात घेऊन बघितलं तर मघापेक्षा जाड लागलं. मी उघडायला लावलं. भार्गवीच लिहून राहिली, मान खाली घालून. तिनं वर काय खरडलंय ते विचारणार नाही, पण तिच्या आईनं आत्ता माझ्या उशाशी तेलाची वाटी आणून ठेवली, म्हणजे अंदाज आहे. तू आलीस की तुझ्यासोबत डॉक्टरकडं जाईन. तू निलंग्याला परत गेल्यावर वेणी विशाखानं घातली तरी माझी हरकत नाही, फक्त तोंड दुसरीकडं करून घालावी, म्हणजे संध्याकाळी भांडता येईल. (आजी, पाठीमागून वेणी घालणारीचं तोंड तसंही दिसत नाही. — भार्गवी) बघ, शिकल्याचा हा फायदा. आता गुंत्याचं. तुझ्या हाताला सुटेलच. नाहीच सुटला तर कात्री तू धर, दुसऱ्या कुणी नाही. पण आधी चांदणीच्या शेपटीवर चालवून बघू. मन्मथला आत्ताच कळवू नकोस.