पालक आणायला सांगितलं होतं

माय, आज माझ्या शाळेत पालकांची सभा होती आणि एकही पालक आला नाही. सतरंजी अंथरली होती, फळ्यावर पोरींकडून फुलांची नक्षी काढून घेतली होती, चहा सांगून ठेवला होता. मी दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होते आणि बघता बघता तू आठवलीस. तू रोज आठवतेस असं नाही, खोटं कशाला बोलू. पण आत यावं की नाही अशा विचारात शाळेच्या दारात कुणी उभं राहिलं की मला ती तूच वाटतेस. आज तेवढंही कुणी उभं राहिलं नाही.

मी पहिलीत होते. आमच्या बाई परगावच्या, बोलणं पुस्तकातलं. शाळा सुटताना त्या म्हणाल्या, ‘उद्या येताना पालक घेऊन या.’ मी घरी येऊन तुला तस्संच सांगितलं. तू चुलीपुढे भाकर थापत होतीस. हात तसाच ठेवून म्हणालीस, ‘पालक? बाईले पालक कायले पायजे?’ मग उत्तरही तूच शोधलंस. ‘एकटी राह्यते बिचारी. तिले कोण भाजी आणून देते गावात!’ सकाळी निंदणाला जायच्या आधी तू मळ्यात गेलीस, पालकाची जुडी आणलीस, माती धुऊन काढलीस आणि पदराखाली धरून शाळेच्या दारात येऊन उभी राहिलीस. आत टोप्या घातलेली, बऱ्या घरची माणसं बसलेली. तू जुडी पुढे करतेस आणि म्हणतेस, ‘घ्या बाई, पालक. कवळा हाये.’ जो हशा उठला, धरणीनं पोटात घेतलं तर बरं असं मला झालं. बाई हसल्या नाहीत असं सांगायला मला आवडलं असतं, पण त्याही हसल्या. हसता हसता त्यांनी जुडी घेतली, टेबलावर ठेवली आणि तुला बसा म्हणाल्या. ‘आता आलीच हाये तं बसतो,’ म्हणत तू सतरंजी सोडून कडेला जमिनीवर टेकलीस. सभा संपेपर्यंत हलली नाहीस. त्या दिवशीची निंदणाची मजुरी बुडाली.

घरी जाताना तू विचारलंस, ‘काहून हसून राह्यले होते वं ते?’ मी रागारागानं अर्थ सांगितला, बाईंनी मला सांगितला होता तसा. तू रस्त्यातच थांबलीस. ‘म्हंजे पालक म्हंजे मीच व्हय का?’ आणि मग इतकी हसलीस की डोळ्याला पदर लावलास. ‘मंग तुह्या बाईनं सरळ सांगावं ना, मायले घेऊन ये म्हून. मी का आली नसती?’ त्यानंतर तू एकही सभा चुकवली नाहीस, आणि एकदाही रिकाम्या हातानं आली नाहीस. कधी मेथी, कधी चार वांगी. हसणारे हळूहळू हसायचे थांबले. तू तिथं बसायचीस म्हणून मी शाळेत टिकले, माय, बाकी माझ्यात काही विशेष नव्हतं.

मी मास्तरीण झाले ते तुला बघायला मिळालं नाही. पोरांना मी कधीच ‘पालक आणा’ म्हणत नाही. ‘उद्या मायले घेऊन ये,’ म्हणते. सरकारला मी रोज नावं ठेवते, आजही ठेवणार आहे, पण आधी खरं ते सांगते. दिवाळी झाली की आपल्याकडची कितीतरी घरं ऊस तोडायला कारखान्यावर जातात. भांडीकुंडी, कोंबड्या, म्हाताऱ्यांच्या शिव्याशाप, सगळं ट्रकमध्ये चढतं, आणि लेकरंही. परत येतात तेव्हा दिवाळीपर्यंत शिकलेलं सगळं पुसलेलं असतं. काही परत वर्गात येतच नाहीत. तर सरकारनं एक सोय काढली. लेकरानं गावातच आजीकडं, मावशीकडं झोपायचं आणि सकाळ-संध्याकाळ शाळेत जेवायचं. पैसा वरून येणार, खर्च पालकांच्या समितीनं करायचा. हंगामी वसतिगृह म्हणतात त्याला. पहिली काही वर्षं पैसा वेळेवर आला आणि माय, काय सांगू तुला, लेकरं राहिली! ज्या बायांनी कधी शाळेची पायरी चढली नव्हती त्या कारखान्यावरून फोन करून माझ्याशी भांडायच्या. ‘म्याडम, वरणात मीठ कमी राह्यते म्हणते पोट्टं.’ मला इतकं बरं वाटायचं! पालकांचा सहभाग कसा वाढवावा याची आम्हाला प्रशिक्षणं देतात, पानंच्या पानं वाचायला लावतात. लेकराला तिथं जेवू घाला, माय आपोआप विचारायला येते, हे त्या पानांत कुठंच नसतं.

यंदा चौथीत एक पोर होती. आमच्या केनवडच्या स्टॉपवर उभी राहिली की येणाऱ्या प्रत्येक एस.टी.ची पाटी मोठ्यानं वाचायची, रिसोड, मालेगाव, वाशीम, जणू गाडी तिच्याच परवानगीनं चालली आहे. दिवाळीआधीच्या सभेत तिची माय सगळ्यांच्या मागं बसली होती. उठताना माझ्याजवळ आली. ‘म्याडम, तुमचं ते जेवण नक्की चालू होईन ना? होईन तं हिले ठेवून जातो. बुढीले दिसत नाही, तिच्यानं सैपाक होत नाही.’ मी म्हणाले, ‘होते ना, दरवर्षी होते. ठेवून जा बिनघोर.’ बिनघोर हा शब्द मीच वापरला. ती गेली.

पैसा आला नाही. मंजुरी येतेय, येतेय, असंच उत्तर यायचं. समितीचा अध्यक्ष, स्वतः दोन लेकरांचा बाप, त्यानं घरची ज्वारी आणून टाकली, काही दिवस चूल पेटली. मग तोही थकला. ‘म्याडम, घरचे दाणे कुठवर पुरवू? अन् उद्या कोणी इचारन, कोणाच्या हुकमानं चालू केलं, तं काय सांगू?’ दुपारची खिचडी शाळेत होतीच, सकाळसाठी मी रिसोडहून येताना डबा जास्तीचा आणायला लागले. पण संध्याकाळच्या गाडीनं मी रिसोडला परत जायचे. त्या पोरीला घरी न्यावं असंही वाटलं, पण मग बाकीची लेकरं? आणि ती बुढी? एकेक लेकरू मावशीकडून, आजीकडून कारखान्यावर जायला लागलं. ही राहिली. स्वतः भाकरी करायला लागली, बुढीलाही घालायची. वर्गात पेंगायची, पाट्या वाचायची बंद झाली. एक दिवस तव्यानं हात भाजला. बुढीनं शेजाऱ्याच्या फोनवरून सुनेला कळवलं.

तिची माय ऊसतोड सोडून आली. शाळेच्या दारात उभी राहिली, आत आली नाही. मी म्हणाले, ‘मंजुरी आली नाही हो. आम्ही किती वेळा मागितली.’ ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती म्हणाली, ‘मले मंजुरीचं काय समजते, म्याडम. मी सरकारवर नाही ठेवून गेली होती. तुमच्यावर ठेवून गेली होती.’ पोरीनं दप्तर उचललं. पुस्तक नेऊ का म्हणून माझ्याकडं बघितलं, मी मान डोलावली. बुढीला तिच्या लेकीकडं पाठवलं आणि तिघांतलं कुणीच गावात उरलं नाही. तिकडं आता ती पोर धाकट्या भावाला सांभाळत असेल, माय उसाच्या फडात असेपर्यंत. माय मोबाईलवर ‘म्याडमशी बोल’ म्हणते, तर बोलत नाही.

आणि आता मंजुरी आली. उसाचा हंगाम सरत आला, गावात वसतिगृहाच्या यादीतलं एक लेकरू नाही, तेव्हा पैसा आला. तो वेळेत खर्च व्हायला हवा, वसतिगृह सुरू व्हायला हवं, त्याआधी ह्याच लेकरांच्या पालकांची सभा व्हायला हवी आणि तिचा फोटोही पाठवायला हवा. मी वरच्या साहेबांना म्हणाले, पालक फडात आहेत. ते म्हणाले, बोलावून तर बघा. म्हणून मी सतरंजी अंथरली. चहा निवला. शेवटी स्वयंपाकीण बाई पदराला हात पुसत आल्या. ‘म्याडम, फोटोत मी बसू का? माही नात हाये ना पहिलीत, म्हंजे मीबी पालकच झाली.’ त्या बसल्या, सतरंजीच्या कडेला, जमिनीवर. मी फोटो काढला. फोटो बरा आला आहे.

मला आता काहीच जमेल असं वाटत नाही, माय. पुढच्या दिवाळीआधी पुन्हा बाया येऊन विचारतील, जेवण नक्की होईन ना. मी काय सांगू? हो म्हटलं तर कशाच्या जोरावर, आणि नाही म्हटलं तर लेकरं त्याच दिवशी ट्रकमध्ये चढतील. तू असतीस तर काय केलं असतंस, असं विचारणार होते, पण तुलाही ठाऊक नसतं. तू फक्त भाजी घेऊन आली असतीस.

तुला कुठं पाठवणार हे. पण एक सांगून ठेवते. संध्याकाळी मंजुरीच्या पैशातून वसतिगृहाचा पहिला स्वयंपाक झाला. पानावर बसायला कुणी नव्हतं. स्वयंपाकीण बाईंनी वरणात पालक घातला होता, कवळा. मी एकटीच बसले आणि दोनदा वाढून घेतलं, माय. भूक लागली होती.