शेवटच्या अक्षरावर जोर

हॅलिफॅक्स, ४ मार्च १९६८

ती. म्युरिएल आत्यास, हेस्टरचा सा. न. वि. वि.

आजी गेल्यापासून नऊ वर्षं तुझं नि बाबांचं बोलणं नाही, तरी कळवते. बाबांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. इंग्रजी क्रियापदात जोर कुठे पडेल, हे आधीच ओळखायचा नियम त्यांनी तीस वर्षं गिरणीकामगारांच्या पोरांना बाक वाजवून शिकवला. शेवटचा स्वर लांब किंवा शेवटी दोन व्यंजनं, तर जोर शेवटच्या अक्षरावर, नाहीतर त्याच्या आधीच्या. आता त्यांच्याच तोंडून शब्द फुटत नाही.

काल एक क्रियापद मी मुद्दाम चुकीचं म्हटलं. डाव्या हाताने त्यांनी लगेच टेबल ठोकलं, एकदा हलकं, एकदा जोरात, म्हणजे जोर शेवटच्या अक्षरावर. आत्या, सगळं कळतंय गं त्यांना! डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. येतेस का?

तुझी माया हवी असलेली,
हेस्टर

स्कारबरो, ७ मार्च

चि. हेस्टरला अनेक आशीर्वाद.

लहानपणी मी रडत गेले की तुझा बाप आधी माझे उच्चार सुधारायचा, मग डोळे पुसायचा. माझ्या लग्नाच्या शपथेतसुद्धा चूक काढली होती मेल्याने!

आईच्या शेवटच्या आठवड्यात माझी खाणावळ पाहुण्यांनी भरलेली होती म्हणून आले नाही, हे मी खोटं सांगितलं. तिला तशी बघायची भीती वाटली. हे त्याला वाचून दाखव आणि विचार, माफ करशील का. हो म्हणाला तर येईन.

जेवत जा.
तुझी आत्या

हॅलिफॅक्स, १२ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

वाचून दाखवलं. बाबा रडले. मग ठोकलं, एकदा हलकं, एकदा जोरात. मी विचारलं, 'फर्गिव्ह', माफ केलं? पुन्हा तेच ठोके. 'फर्गेट', विसर म्हणताय? तेव्हाही तेच. दोन्ही शब्द त्यांचा नियम मोडणारे, दोन्हींचा जोर शेवटी. पुढे विचारणार तोच त्यांना झोप लागली. काल सकाळी बाबा गेले.

माफ केलं असं लिहिता आलं असतं. पण मला खरंच कळलं नाही.

शुक्रवारी दफन आहे.
हेस्टर

स्कारबरो, १३ मार्च

चि. हेस्टर,

उद्या सकाळच्या गाडीने निघते. त्याला काय म्हणायचं होतं, याचा घोर लावून घेऊ नकोस. उत्तराची वाट बघत इथे बसले, ही चूक माझी.

एक कर. मी येईपर्यंत शवपेटी बंद करू देऊ नकोस. मला त्याचं तोंड बघायचंय. भीती वाटेल, तेव्हा माझा हात धर.

आत्या